भोंगा वाजेपर्यंत

तिचं काम नेमकं काय, हे तिच्या वडिलांना कधी नीट सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ते म्हणायचे, "मुलगी आरोग्य खात्यात आहे. हवा बघते." विचारणारा आदरानं मान हलवायचा आणि विषय बदलायचा.

खरं म्हणजे ती जोखीम मोजायची. कारखान्यातून, टँकरमधून, गोदामातून काही विषारी हवेत सुटलं, की ते किती सुटलं, कुठल्या बाजूला चाललंय, वाटेत कोण राहतं आणि त्यांनी घरात बसावं की पळावं, हे तिनं साहेबांना सांगायचं. साहेबांनी ते वर सांगायचं. वरच्यांनी भोंगा वाजवायचा. या साखळीत हवेतलं काही कळणारी ती एकटीच होती, त्यामुळे तिचं नाव साखळीत सगळ्यांत खाली होतं.

वडील रेल्वेतले निवृत्त सिग्नलवाले. उभी हयात केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात गेली. सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि ते त्यांना सगळीकडे पुरायचं. मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांना ते हेच ऐकवत. पुढे तिनं लग्न करणार नाही असं जाहीर केलं, तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. पुस्तकातलं तत्त्वज्ञान इतकं लवचीक नसतं.

आई गेल्यापासून ते नाल्याकडेच्या गल्लीत तळमजल्यावर एकटेच राहत. छातीत जुनी धाप होती. मुलगी रोज फोन करायची आणि रोज तेच सांगायची: मीठ कमी करा, पंप ओढा, थंडीत बाहेर बसू नका. ते रोज "बरं" म्हणायचे आणि यातलं काही करायचे नाहीत. मुलीचं ऐकायचं नाही, हा नियम नव्हता, पण पाळला नियमासारखा जायचा.

अपवाद एकच. वर्षातून एकदा गल्लीतल्या शाळेच्या सभागृहात तिचं खातं सरावाचा कार्यक्रम ठेवायचं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसायचे. ती मंचावरून सांगायची, "भोंगा लांब वाजला की आत. तुटक वाजला की बाहेर. मधल्या वेळात कुणाचंही ऐकायचं नाही. शेजारी सांगतील, नातेवाईक फोन करतील. अहो, मी स्वतः फोन करून सांगितलं तरी ऐकायचं नाही!"

या शेवटच्या वाक्याला दरवर्षी हशा पिकायचा. तेवढ्यासाठीच ते घातलेलं होतं. फक्त पहिल्या रांगेत एक माणूस हसायचा नाही. तो गंभीरपणे मान डोलवायचा. पहिल्या वर्षी परत जाताना ते म्हणाले होते, "आज पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोललीस."

*

रंगाच्या कारखान्यातल्या क्लोरीनच्या टाकीची झडप त्या सकाळी फुटली. पोहण्याच्या तलावावर जो वास येतो ना, त्याचा हा थोरला भाऊ. हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीवरून सरपटतो, पाण्यासारखा सखल जागा शोधत जातो आणि तिथे बसतो.

खोलीत तिघंच होते. ती, साहेब, आणि हवामान खात्यातून उसना आणलेला एकजण, ज्याला सगळे वारेवाला म्हणत. उसना आणून बरीच वर्षं झाली होती. मागायला कोणी आलं नव्हतं आणि परत करायचं कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यानं वाऱ्याची दिशा दिली, तिनं नकाशावर दुधी भोपळ्याच्या आकाराचा डाग काढला. डागाचं जाड टोक नाल्याकडेच्या गल्लीवर आलं.

"मॅडम," वारेवाला हळूच म्हणाला, "ही गल्ली तुमच्या..."

"बाबांची."

"जरा अलीकडे घेऊ का? रेघ?"

माणूस प्रेमळ होता. नकाशातून वगळल्यामुळे हवा तिकडे जायची थांबत असती, तर दोघांच्या नोकऱ्या केव्हाच गेल्या असत्या.

"राहू दे," ती म्हणाली.

निर्णय सोपा होता. लोकांना बाहेर काढलं तर ते पळताना नेमके ढगातच शिरतील. आत बसवायचं. साहेबांनी लगेच सही केली. लोकांना घरात बसा असं सांगायला कुठल्याही साहेबाला आवडतं. भोंगा लांब वाजला. तिनं घरी फोन लावला.

"बाबा, ऐकलात?"

"ऐकला. लांब होता." केबिनमधल्या फोनवर बोलायचे त्याच आवाजात ते बोलू लागले. "दारं बंद. खिडक्या बंद. फटींना ओली फडकी. पंखा बंद. पुढे बोल."

"वरच्या काकूंकडे जा. हा वायू खाली साचतो."

"तिच्याकडे? सकाळपासून टीव्ही लावून बसते ती. वायू परवडला."

"बाबा, चेष्टा नाही ही."

"अगं, गुडघे चढत नाहीत माझे. आणि जिना उघडा आहे, त्यात हवा येणार. एकदा बंद केलेलं दार उघडायचं नाही, हे कोणी सांगितलंय?"

तिनंच सांगितलं होतं. आणि जिना खरंच उघडा होता.

"पंप घेतलात?"

"घेतला," ते म्हणाले. यावर किती विश्वास ठेवायचा, हे तिला वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून माहीत होतं.

*

दुपारकडे वारा फिरला. ढग नदीच्या अंगाला गेला आणि मोकळ्या माळावर विरला. हवा मापणारी गाडी गल्लीच्या दोन्ही टोकांना फिरून आली. यंत्रावरचा काटा जवळजवळ तळाला होता.

इथे लोकांची एक समजूत असते. त्यांना वाटतं, संकट गेलं, आता सावकाश सांगितलं तरी चालेल. पण घर काही झाकणाचा डबा नाही. कितीही बंद केलं तरी फटीफटीतून थोडा वायू आत येतोच. ढग डोक्यावर असतो तोवर आत कमी आणि बाहेर जास्त, म्हणून आत बसायचं. ढग सरकला की सगळं उलटं होतं. बाहेर स्वच्छ, आणि आत शिरलेलं तसंच कोंडलेलं. मग आतला प्रत्येक श्वास उगाच विष ओढतो. लोकांना वेळेवर आत घालणं हे अर्धं काम. वेळेवर बाहेर काढणं हे उरलेलं अर्धं. पहिलं अर्धं सगळ्यांना ठाऊक असतं.

"साहेब, तुटक भोंगा द्या," ती म्हणाली. "आत्ता."

साहेब वाईट नव्हते. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "खात्री आहे?"

"बाहेरचा धोका आतल्यापेक्षा कमी आहे. याची खात्री आहे."

"कमी आहे. म्हणजे आहे."

"थोडा असणारच. शून्य कधीच नसतो. तुम्ही त्या खुर्चीत बसलाय, त्यातही धोका आहे."

"खुर्चीवर माझी सही नाही, बाई."

वारेवाल्याला हसू आलं. त्यानं ते खिडकीकडे वळवलं.

"समजा," साहेब म्हणाले, "आपण भोंगा दिला, आणि एखादा बाहेर येऊन रस्त्यात पडला. मग? हे बघा, आत मेला तर तो वायूनं मेला. बाहेर मेला तर आपण मारला." हे त्यांनी क्रूरपणे सांगितलं नाही. धाकट्या बहिणीला दुनियादारी शिकवावी तसं सांगितलं. "गाडी पुन्हा एक फेरी मारू दे. मी वर बोलून घेतो."

तीही जोखीमच मोजत होती आणि तेही. फक्त दोघांचे नकाशे वेगळे होते.

तिनं व्हरांड्यात जाऊन फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलल्यावर आधी खोकला ऐकू आला.

"बाबा, खिडक्या उघडा. दार उघडा आणि बाहेर येऊन बसा."

"भोंगा कुठे वाजलाय?"

"वाजणार आहे. ढग गेलाय, मी मोजलंय. आता आत बसणंच वाईट आहे. उठा."

"वाजला की उठतो."

"अहो, मी सांगतेय ना!"

"तूच म्हणालीस." मध्ये श्वास घ्यायला थांबून ते म्हणाले, "मी फोन केला तरी ऐकायचं नाही."

"ते हसवायला होतं, बाबा!"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, निराशा होती. हाताखालच्या माणसाच्या चुकीबद्दल वाटते तशी.

"नियमात हसवायला काही घालायचं नसतं गं." पुन्हा खोकला. "तू ठेव फोन. ड्यूटीवर आहेस."

त्यांनीच ठेवला. नंतर उचलला नाही. ड्यूटीवरच्या माणसाला खाजगी फोन येऊ नयेत, हाही नियम असावा.

तिनं वरच्या काकूंना लावला. मागे टीव्ही खरंच चालू होता.

"काकू, खाली जाऊन बाबांचं दार वाजवा ना. बाहेर काढा त्यांना. बाहेर हवा चांगली आहे आता."

"अगो बाई, जाते की! पण... भोंगा झाला का?"

"नाही झाला अजून."

"मग कसं गं?" काकू अगदी ओशाळून म्हणाल्या. "मी पण आले होते ना तुझ्या कार्यक्रमाला. किती छान समजावलंस. आणि तुझे बाबा उघडतील का? सकाळी मी वरून हाक मारली तर आतून ओरडले, लाइन बंद आहे म्हणून."

ती व्हरांड्यात उभी राहिली. गाडीची किल्ली पर्समध्ये होती. रस्ते अडवलेले होते. प्रत्येक नाक्यावर ओळख पटवायची, वाद घालायचा, वळसा घ्यायचा. आणि ती निघाली की इथे सहीच्या मागे लागायला कोणी उरत नव्हतं. गल्लीत आणखी घरं होती. पाळण्यातली बाळं होती, एक गरोदर शिंपीण होती, खाटेवर पडलेली माणसं होती. सगळी तिनंच आत बसवलेली, सगळी तिच्याच शब्दावर बसून राहिलेली.

मग तिनं जे करायचा पगार मिळतो तेच केलं. दोन धोके शेजारी मांडले आणि त्यातला कमी तो निवडला. जाण्यापेक्षा थांबून सही मिळवणं लवकर होईल. भोंगा वाजला की बाबाही सुटतील आणि गल्लीही. गणित चोख होतं. त्यात एकच आकडा अंदाजानं घातलेला होता. क्लोरीनचा वेग तिला पाठ होता, पण साहेबांचा कुठल्या तक्त्यात दिलेला नव्हता.

*

गाडीनं पुन्हा फेरी मारली. काटा तळालाच. साहेबांनी वर फोन केला. वरच्यांनी विचारलं, शंभर टक्के का? साहेबांनी फोनवर हात ठेवून तिला विचारलं, शंभर टक्के का? ती म्हणाली, शंभर टक्के काही नसतं. साहेबांनी वर सांगितलं, तपासून सांगतो. चहा आला. कपावर बशी झाकून आणलेला चहा साहेबांनी स्वतः तिच्यापुढे सरकवला.

"एक करा," ते म्हणाले. "मलाही लोक सुटायला हवेच आहेत. तुम्ही लिहून द्या, 'धोका नाही.' मी या क्षणी सही करतो."

"तसं लिहिता येत नाही. ते खोटं आहे."

"मग काय लिहिता येतं?"

"बाहेरचा धोका आतल्यापेक्षा कमी आहे."

"हे मी वर पाठवलं की ते विचारणार, कमी म्हणजे किती. मी तुम्हाला विचारणार. तुम्ही मला तक्ता देणार. तक्ता कळत असता तर मी साहेब झालो असतो का?"

ती अडली. अख्ख्या नोकरीत तिनं एक ओळ खोटी लिहिली नव्हती. वाकडी, कंटाळवाणी, कोणी न वाचलेली अशा पुष्कळ लिहिल्या होत्या, पण खोटी एक नाही. आज 'धोका नाही' लिहिलं की उद्या प्रत्येक साहेब 'धोका नाही' मागणार, आणि मग मोजायला ठेवलेल्या माणसाची गरज काय? हे सगळं तिनं साहेबांना समजावून सांगितलं. नीट, मुद्देसूद सांगितलं. त्यात वेळ गेला. तिचा एकही मुद्दा चुकीचा नव्हता.

"मॅडम," वारेवाला म्हणाला. तो इतका वेळ खिडकीतच होता. "लिहा ना. खोटं तर खोटं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. नाल्याकडेच्या गल्लीत त्याचं कोणीही राहत नव्हतं.

तिनं लिहिलं. धोका नाही. साहेबांनी सही केली आणि मोठा श्वास सोडला, आणि थोड्या वेळानं बाहेर तुटक भोंगा वाजू लागला.

*

गल्लीत लोक सिनेमा सुटल्यासारखे बाहेर येत होते. डोळे चोळत, खोकत, एकमेकांना काय काय झालं ते सांगत. कोणी तिला ओळखून म्हणालं, "बाई, तुमच्यामुळे वाचलो." ती थांबली नाही.

वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. खिडक्या सताड उघड्या. आधी पुढच्या, मग मागच्या, म्हणजे हवा आरपार जाते, हे तिनं शिकवलं होतं. फटींची फडकी पिळून दोरीवर वाळत घातलेली. शर्टाची वरची गुंडी लावलेली. ओठ मात्र निळे पडले होते, आणि बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

"तुटक होता ना?" त्यांनी विचारलं. "नीट ऐकून... मगच उघडलं."

"हो बाबा. चला."

"कडी... मीच काढली."

"बोलू नका. चला."

दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, फुफ्फुसात पाणी भरतंय. आधीची धाप नसती तर निभावलं असतं. किंवा बंद घरात इतका वेळ नसते राहिले तर. हे वाक्य तिनं सहज म्हटलं. कोणाशी बोलतोय ते तिला माहीत नव्हतं.

ते गेले दोन दिवसांनी. साहेब भेटायला आले, खरोखर हळहळले, आणि जाताना हळूच म्हणाले की अहवालात वडिलांची नोंद आधीच्या आजारात केली आहे, म्हणजे तिला चौकशीचा त्रास नको. तिनं त्यांना ती नोंद बदलायला लावली. यावर ते बराच काळ नाराज होते. आपण केलेल्या उपकाराचं तिनं चीज केलं नाही, असं ते वारेवाल्याला म्हणाल्याचं कळलं.

पण त्या दोन दिवसांत वडिलांशी एकदा बोलणं झालं होतं. एकदाच. त्यांनी प्राणवायूचा मास्क हातानं वर उचलून धरला आणि म्हणाले, "खरं सांग. तू फोन केलास तेव्हा लाइन मोकळी होती?"

"होती."

"मग सिग्नल का नाही पडला?"

"साहेब सही करेनात. घाबरले." मग तिनं राहिलेलंही सांगितलं. "आणि मी शब्दावर अडून बसले. धोका नाही असं लिहा म्हणत होते, मी लिहीत नव्हते."

वडिलांनी यावर विचार केला. विचार करायलाही हवा लागते, तेवढी त्यांनी मास्क टेकवून घेतली.

"साहेब बरोबर," ते म्हणाले.

"काय बरोबर, बाबा?"

"गाडी उभी केली म्हणून... कुणाची नोकरी गेलेली मी बघितली नाही. सोडली म्हणून गेलेल्या बघितल्यात."

"उभ्या गाडीतल्या माणसांना काही होत नाही! इथे उभं राहण्यानंच होत होतं."

"तरी."

"तरी काय, तरी!" शेजारच्या खाटेवरच्या बाईनं वळून पाहिलं, तेव्हा ती आवाज खाली आणून म्हणाली, "मुलगी सांगत होती तुम्हाला. पोटची मुलगी. एकदा तरी ऐकायचं होतं माझं."

ते हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यातून ते बाहेर यायला वेळ लागला.

"तुझंच तर ऐकलं," ते म्हणाले. "आयुष्यात एकदा."

त्यांना अजून पुष्कळ बोलायचं होतं. भुवया वर गेल्या होत्या, बोट उचललेलं होतं, एखादा मुद्दा सुरू होणार होता. पण ओठ पुन्हा निळे दिसू लागले, नर्सनं लांबूनच खूण केली, आणि तिनं त्यांच्या हातातून मास्क घेऊन तोंडावर बसवला.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या भांडू."

त्यांच्याशी घातलेल्या वादात शेवटचा शब्द तिचा झाला, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. मास्कच्या आत ते अजून काहीतरी म्हणत होते. मास्क आतून धूसर व्हायचा, पुन्हा स्वच्छ व्हायचा. ती मास्कची रबरी दोरी त्यांच्या कानामागे नीट करत राहिली. दोरी केव्हाच नीट बसली होती.